मैत्रिणीसाठी विचारलंस म्हणून

चि. चिऊ,


पार्सल मिळालं असेलच. डब्यात शेंगदाण्याची चटणी आहे आणि खालच्या कापडी पिशवीत नवा घेवडा. यंदा पाऊस लांबला, शेंगा शेतातच भिजल्या, तरी आपला वाघ्या घेवडा बरा निघाला. मळणी झाल्या झाल्या तुझ्या बाबानं पहिला वाटा तुझ्यासाठी बाजूला काढायला लावला. मेसमधल्या मावशींना सांग, रात्रभर भिजवून मग शिजवा. पत्र मुद्दाम पिशवीच्या तळाशी घातलंय. पार्सल आलं की तुमच्या खोलीत चौघींच्या आठ हातांची झुंबड उडते, हे मला ठाऊक आहे.

परवा फोनवर तू विचारलंस, “आत्या, एका मैत्रिणीची पाळी दहा-बारा दिवस लांबलीय, काय असेल गं?” आणि मी तोंड उघडायच्या आत “असू दे, नंतर बोलते” म्हणून फोन ठेवलास. मागून कुणाचा तरी आवाज येत होता. हे बोलणं फोनवर व्हायचं नाही, म्हणून लिहिते. मैत्रीण कोण, ते मी विचारणार नाही. खरंच मैत्रीण असेल तर तिला हे वाचायला दे. तूच असशील तर तू वाच. मजकूर तोच आहे, आणि माझ्या मायेत त्यानं गुंजभरही फरक पडायचा नाही. उभी नोकरी सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून केली बाळा, त्यातली निम्म्याहून जास्त बाळंतपणाच्या वॉर्डात. मला धक्का बसेल अशी गोष्ट आता फारशी उरलेली नाही.

तर आधी घाबरायचं काम नाही. तुमच्या वयात पाळी मागंपुढं होते. परीक्षा, जागरणं, वजन घटणं-वाढणं, पीसीओडी, थायरॉइड, काहीही कारण असतं. तुझी स्वतःचीच दहावीच्या वर्षी दोन महिने आली नव्हती, वहिनीनं किती काळजी केली होती, आठवतंय? पण संबंध आला असेल, अगदी एकदाच आला असेल, “काही झालंच नाही तसं” असं वाटत असेल, तरी मग अंदाज बांधत बसायचं नाही. तपासायचं. पहिल्याच वेळी दिवस राहत नाहीत, मुलानं वेळेत बाजूला झालं की भीती नाही, लगेच अंघोळ केली की झालं, या तिन्ही गप्पा खोट्या. यांच्या भरवशावर राहिलेल्या मुली मी टेबलावर घेतल्या आहेत.

लक्षणं सगळ्यांना सारखी नसतात. पाळी चुकते, छाती दुखरी होते, सारखी लघवीला लागते, दुपारी डोळे उघडे राहत नाहीत. मळमळ सकाळीच होते असं काही नाही, संध्याकाळी फोडणीच्या वासानंही होते. काहींना पाळीच्या तारखेच्या आसपास थोडासा डाग दिसतो आणि त्या समजतात, आली पाळी, सुटले. नेहमीपेक्षा फार कमी गेलं असेल तर त्याला पाळी धरू नको.

मेडिकलमध्ये लघवी तपासायचं किट मिळतं, शंभराच्या आतबाहेर. मागायला लाज वाटत असेल तर कॉलेजपासून लांबच्या दुकानात जा, पण जा. पाळीची तारीख उलटून गेली की सकाळची पहिली लघवी स्वच्छ भांड्यात घ्यायची, सोबतच्या ड्रॉपरनं सांगितले तेवढेच थेंब किटवर टाकायचे आणि पाकिटावर लिहिलीय तेवढीच मिनिटं थांबून बघायचं. दुसरी रेघ पुसट आली तरी ती आलीच. “नीट दिसत नाही म्हणजे नसेल” असं मनाचं समाधान करून घ्यायचं नाही. एकच रेघ आली आणि पाळी तरीही आली नाही, तर आठवड्यानं पुन्हा करायची. तेव्हाही नाही आणि पाळीही नाही, तर डॉक्टर.

आता हिशोबाची गोष्ट, कारण इथंच मुली फसतात. आठवडे संबंध आला त्या दिवसापासून मोजत नाहीत. शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली, तो पहिला दिवस. म्हणजे पाळी चुकली त्या दिवशीच चार आठवडे झालेले असतात, आणि तुझी मैत्रीण दहा-बारा दिवस म्हणतेय, तर साडेपाच-सहा. तिला वाटत असेल, अजून कालचीच तर गोष्ट आहे. कॅलेंडर तसं म्हणत नाही. शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून ठेवायला सांग, दवाखान्यात पहिला प्रश्न तोच येतो.

वेळेचं एवढं का घोकते, ते सांगते. एकदा भर मे महिन्यात एक आई मुलीला घेऊन ओपीडीत आली. पोटात गोळा झालाय म्हणाली. कुणीतरी दिलेला ताईत मुलीच्या दंडाला होता. मुलगी दहावीतली. बाहेर पायपोळ करणारं ऊन आणि हिच्या अंगात शाळेचा जाड निळा स्वेटर, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मी म्हटलं, काढ गं बाळ, तपासायचंय. तिनं दोन्ही हातांनी स्वेटर घट्ट धरून ठेवला. डॉक्टर मॅडमनी पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. सातवा महिना होता. मागाहून ती मला सांगत होती, दर महिन्याला आई पॅडचं पाकीट आणून द्यायची, ती एकेक पॅड कागदात गुंडाळून वेळच्या वेळी कचऱ्यात टाकत होती, आईला शंका येऊ नये म्हणून. सात महिने एवढी अक्कल तिनं लपवण्यात खर्च केली. आणि ती माउली, जिला ती एवढी भीत होती, ती तिथं बाकड्यावर बसून एकच वाक्य म्हणत होती: “मला सांगायचंस की गं.”

चिऊ, मी नोकरीत पाहिलं ते एवढंच आहे. दिवस राहिल्यामुळे मुलींचं जेवढं वाटोळं झालं, त्याहून कितीतरी जास्त ते लपवून ठेवल्यामुळे झालं. सहाव्या आठवड्यात जी गोष्ट एका दुपारची असते, ती सोळाव्यात वॉर्डात दाखल होण्याची होते आणि सव्विसाव्यात डॉक्टरांच्याही हातात फारसं काही राहत नाही.

किटवर दोन रेघा आल्या तर पुढं काय? पहिलं, मेडिकलमधून गोळ्यांचं पाकीट आणून हॉस्टेलच्या बाथरूममध्ये घ्यायचं नाही. एवढं माझं ऐकच. गोळ्या वाईट नाहीत, डॉक्टरच देतात, आपल्याकडे नऊ आठवड्यांपर्यंत. पण त्याआधी तपासावं लागतं. गर्भ पिशवीत आहे की नळीत, ते बघावं लागतं. नळीत असला तर या गोळ्यांनी तो जात नाही, नळी फुटते आणि पोटात रक्तस्राव होऊन जीव जातो. रक्त किती आहे बघावं लागतं. आमच्याकडे एक पोरगी आली होती, अशाच कुणीतरी आणून दिलेल्या गोळ्या घेऊन. अर्धवट पडलेलं, बारा दिवस अंगावरून जातंय, हिमोग्लोबिन पाचावर. पाळीच जास्त जातेय असं मैत्रिणींना सांगून ती लेक्चरला बसत होती! रक्ताच्या बाटल्या लागल्या, वाचली. कच्ची पपई, गुळाचा काढा, जिन्यावरून उड्या, पोट दाबून घेणं, कुणा बाईकडून काडी घालून घेणं, यांतलं पहिलं निरुपयोगी आणि शेवटचं जीवघेणं.

काही त्रास असे आहेत की तेव्हा रात्र-दिवस बघायचा नाही, रेक्टरला उठवायचं आणि दवाखाना गाठायचा. ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, खांदा दुखणं, चक्कर येऊन पडणं, तासाला दोन-दोन पॅड भिजणं आणि तसं दोन तास चालू राहणं, थंडी वाजून ताप, घाण वास येणारा स्राव. तिथं खरं सांगायचं, “गोळी घेतलीय.” डॉक्टरला खोटं सांगून उपचार नीट होत नाहीत. १०८ला फोन केला की गाडी येते.

मग जायचं कुठं? पुण्यात ससूनसारखं मोठं सरकारी रुग्णालय आहे. सरकारी दवाखान्यांतून तुमच्या वयाच्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिकं चालतात, तिथल्या समुपदेशक ताईशी आधी नुसतं बोलता येतं. खासगीत जायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि गर्भपाताची मान्यता असलेलंच केंद्र. सोनोग्राफीला आधार कार्ड मागतील आणि एक फॉर्म भरून घेतील, त्यानं दचकू नको. ते गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या १९९४च्या कायद्यासाठी असतं, प्रत्येकीकडून भरून घेतात. पिशवी क्युरेट करू म्हणाले तर सक्शननं होईल का, हे विचारायचं. लवकरच्या दिवसांत तेच बरं.

आणि गर्भपात म्हणजे गुन्हा, ही समजूत डोक्यातून काढून टाका. १९७१ साली कायदा झाला, २०२१ला तो सुधारला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. वीस ते चोवीस दोन डॉक्टरांचं, तेही ठरावीक कारणांसाठी, आणि त्यात अल्पवयीन मुली येतात. लग्न झालेलं असलंच पाहिजे असं नाही. २०२२मध्ये सुप्रीम कोर्टानं तेही स्पष्ट केलंय. नाव बाहेर फोडणाऱ्याला शिक्षा आहे. मुलगी अठराची झालेली असेल तर सही फक्त तिची. बापाची नाही, त्या मुलाची तर नाहीच.

अठराच्या आत असेल, तुझ्यासारखी, तर दोन गोष्टी वेगळ्या होतात. पालकांपैकी कुणाची तरी लेखी संमती लागते. आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं, मुलगी स्वखुशीनं गेली असली तरी, कारण त्या वयातली खुशी कायदा धरत नाही. याच भीतीनं कितीक पोरी भोंदूंकडे जातात. पण २०२२च्या त्याच निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी कळवताना तिचं नाव-गाव उघड करायची गरज नाही. हे वाक्य पाठ कर, कधी कधी दवाखान्यातल्यांनाच ठाऊक नसतं. आणि जर हे मर्जीविरुद्ध झालं असेल, कुणी ओळखीच्यानं, नात्यातल्यानं, सरांनी, कुणीही, तर त्यात मुलीचा रतीभर दोष नाही. तेव्हा १०९८ किंवा ११२, आणि मला. मी पहिल्या एसटीनं निघते.

ठेवायचं की नाही, ते मी सांगणार नाही. माझं मत मला आहे, पण पोट तिचं आहे. ठेवायचं असेल तर लगेच नाव नोंदवायचं, लोहाच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करायच्या, दर खेपेला बीपी आणि रक्त बघायचं. विशीच्या आतल्या आयांना बीपी वाढायचा आणि रक्त कमी पडायचा धोका जास्त, बाळंही कमी वजनाची होतात. वाढवायला जमणार नसेल तर बाळ बालकल्याण समितीकडे रीतसर सोपवता येतं, फेरविचाराला साठ दिवस मिळतात. कुणी “आमच्या ओळखीतलं जोडपं आहे, परस्पर देऊन टाकू” म्हणालं तर तिथून उठायचं. तो गुन्हा आहे. स्वेटरवाल्या मुलीचं बाळ समितीमार्फतच गेलं. ती पुढं बारावी झाली, एवढं मला कळलं होतं.

एक उपाय मात्र मला बिलकूल मान्य नाही: घाईघाईनं त्याच मुलाशी लग्न लावून देणं. अठराच्या आतल्या मुलीचं लग्न हा वेगळाच गुन्हा, आणि सतराव्या वर्षी लाजेपायी केलेला संसार कसा चालतो ते मी त्याच वॉर्डात, पुढच्या-पुढच्या बाळंतपणांना बघितलंय.

तू पुण्यात राहतेस म्हणून आठवलं. गंज पेठेतल्या फुलेवाड्याला तुमची सहल गेली होती ना? जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली अशाच अडलेल्या बायकांसाठी घर उघडलं होतं. विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. तिथंच आलेल्या काशीबाईचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो पुढं डॉक्टर झाला. सहलीला हे सांगतात की नाही, कोण जाणे. दीडशे वर्षांपूर्वी सावित्रीबाईंनी कुणाला विचारलं नाही, “तू असं केलंसच कसं?” आणि आपण अजून तिथंच अडकलोय.

त्या मुलाबद्दल. तो साथ देत असेल तर चांगलं, खर्च आणि धावपळ त्यानंही करावी. पण निर्णय त्याच्या तोंडाकडे बघून घ्यायचा नाही आणि त्यानं फोन ब्लॉक केला म्हणून चार आठवडे त्याची वाट बघत बसायचं नाही. फोटो, मेसेज दाखवून धमकावत असेल तर काहीही पुसू नको, जपून ठेव.

घरी सांगायचं कसं? वहिनी ओरडेल. मी तिला तुझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखते, आधी ओरडेल, मग रडेल, मग पदर खोचून कामाला लागेल. दादा दोन दिवस बोलणार नाही. यापलीकडे तुमच्या घरात काही होत नाही. मैत्रिणीच्या घरचं मला ठाऊक नाही. मारहाणीची भीती असेल तर आधी दुसरं मोठं माणूस गाठायचं, मावशी, थोरली बहीण, कॉलेजातल्या एखाद्या बाई, आणि त्यांना सोबत घेऊनच सांगायचं. शब्द सुचत नसतील तर एवढं म्हणायचं: “मला दिवस गेलेत, मला भीती वाटतेय, मला दवाखान्यात घेऊन चल.” बाकीचं नंतर. कुणीच नसेल तर मी आहे. तुझी मैत्रीण ती माझी भाचीच.

आणि एखाद्या रात्री जीव नकोसा झाला, तसे विचार आले, तर एकटीनं खोलीत थांबायचं नाही. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. गर्भपात होऊन मोकळं झाल्यानंतर कुणाला हलकं वाटतं, कुणाला रडू येतं, कुणाला दोन्ही. त्यात विचित्र काही नाही. मात्र पाळी परत येईपर्यंत धोका नाही असं समजू नये, दोन आठवड्यांतही पुन्हा दिवस राहू शकतात. निरोध, गोळ्या, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, तांबी, काय सोयीचं ते डॉक्टरला तिथंच विचारून घ्यायचं. बहात्तर तासांच्या आत घ्यायची गोळी अडीअडचणीसाठी असते, जितकी लवकर तितकी बरी. दिवस राहिल्यावर तिचा उपयोग नाही, आणि तिनं गर्भपातही होत नाही. लोक दोन्हीची सरमिसळ करतात.

हे वाचून “आत्यानं सूट दिली” असं समजू नको हं. तुझं वय अभ्यासाचं आहे आणि नको म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही, हेही मीच तुला सांगितलंय. पण ते भाषण वेगळं, हे पत्र वेगळं. घर पेटल्यावर चूल कुणी नीट विझवली नव्हती, ही चौकशी मी करत नाही.

इकडे बाकी ठीक. गौरीला वासरू झालंय, पांढरं-तांबडं, सारखं अंगणात येतं आणि वाळवणात तोंड घालतं. आजीचा गुडघा जरा बरा आहे. वहिनीनं दिवाळीसाठी तुझ्या मापाचा ड्रेस शिवायला टाकलाय, रंग सांगत नाही.

मी गुरुवारी डोळे दाखवायला पुण्यात येतेय. डॉक्टरकडे बारापर्यंत मोकळी होईन. त्यानंतरची दुपार मी कुणालाच दिलेली नाही. किट आणलं नसेल तर आपण आणू, दवाखान्यात जायचं तर जाऊ, नुसतं बसून मिसळ खायची असेल तर तीही खाऊ. मैत्रिणीला आण. ती आली नाही आणि तू एकटीच आलीस, तरी मी एकही प्रश्न आपणहून विचारणार नाही. पण तोवर किट आणलं तर मला मेसेज कर. शब्द लिहू नको हवं तर, नुसता आकडा टाक, एक किंवा दोन.

तुझी
आत्या

ता. क. : आधार कार्डाची झेरॉक्स पर्समध्ये असू दे. चटणीचं झाकण घट्ट लाव, तेल सांडतं.